ड्रेक्स एस्टेरो कालवपालन वाद

ड्रेक्स एस्टेरो कालवपालन वाद हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीमधील ड्रेक्स एस्टेरो या खाडीत कालवांची शेती चालू ठेवावी की नाही, यावरून झालेला वाद होय. ही खाडी पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनारा या संरक्षित प्रदेशात येते. ३१ डिसेंबर २०१४ रोजी शेती बंद झाली.

== पार्श्वभूमी ==

या खाडीत १९३० च्या दशकापासून कालवे वाढवली जात होती. राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा कायदा त्यानंतर, १९६२ मध्ये झाला. १९७२ मध्ये जॉन्सन ऑयस्टर कंपनीने काठावरील सुमारे ५ एकर जमीन संघराज्य सरकारला ७९,२०० डॉलरला विकली आणि ४० वर्षांचा वापरहक्क स्वतःकडे राखला. तो ३० नोव्हेंबर २०१२ रोजी संपणार होता. दरम्यान १९७६ च्या कायद्याने खाडीला 'संभाव्य अस्पर्श क्षेत्र' ठरवले. म्हणजे व्यापारी वापर थांबताच तिला पूर्ण संरक्षण मिळावयाचे होते. वादाचे मूळ या दोन कागदांत आहे. पुढे जे घडले, त्याची तारीख चार दशके आधीच लिहिली गेली होती.

स्थानिक पशुपालक केविन लनी यांनी २००५ च्या सुमारास हा व्यवसाय विकत घेतला व त्याला ड्रेक्स बे ऑयस्टर कंपनी असे नाव दिले. मुदत वाढणार नाही, हे राष्ट्रीय उद्यान सेवेने त्यांना तेव्हाच कळवले होते.

== परवानग्यांचा गुंता ==

काठावरची जमीन संघराज्याची, तर खाडीतील मासेमारीचे हक्क राज्याने राखलेले, अशी स्थिती होती. त्या हक्कांच्या आधारे राज्याच्या मासेमारी व शिकार आयोगाने २००४ मध्ये पाण्यातील भाडेपट्टे २०२९ पर्यंत वाढवले, मात्र संघराज्याची परवानगी कायम राहण्याच्या अटीवर. पाणी २०२९ पर्यंत आणि काठ २०१२ पर्यंत, अशी ही विसंगती होती. काठाशिवाय कालवे उतरवता येत नाहीत, त्यामुळे लांबच्या मुदतीला व्यवहारात अर्थ उरला नाही. बांधकामे व कामाच्या पद्धतींवरून राज्याच्या किनारा आयोगानेही कंपनीवर २००७ व २०१३ मध्ये आदेश बजावले.

== विज्ञान आणि समाज ==

शेतीमुळे सील प्राण्यांना व सागरी गवताला धोका पोहोचतो, असे उद्यान सेवेचे म्हणणे होते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने मात्र उद्यान सेवेने उपलब्ध माहिती निवडकपणे व ताणून मांडल्याचे नमूद केले; तेव्हाच्या उत्पादनपातळीला मोठ्या पर्यावरणीय हानीचा सबळ पुरावा नाही, असेही म्हटले. त्याच अहवालानुसार अंतिम निर्णय मूल्ये व धोरण यांवर अवलंबून होता. हा भाग वादाच्या गदारोळात बहुधा दुर्लक्षित राहिला.

परिसरातील समाज दुभंगला. दोन्ही बाजूंना स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणारे लोक होते. सिएरा क्लबसारख्या संघटनांना अस्पर्श क्षेत्र हवे होते. स्थानिक अन्नाच्या पुरस्कर्त्या ॲलिस वॉटर्स यांच्यासारख्यांनी न्यायालयात कंपनीची बाजू उचलली. शेतीवर सुमारे ३० कामगारांची उपजीविका होती. त्यांपैकी काही कुटुंबे तेथेच राहत, त्यामुळे नोकरीबरोबर त्यांचे घरही पणाला लागले होते.

== निर्णय ==

सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये गृहमंत्र्यांना (अंतर्गत भूप्रदेश व उद्यानांचे मंत्री) दहा वर्षांची मुदतवाढ देण्याचा अधिकार मिळाला. तसे बंधन मात्र नव्हते. केन सालाझार यांनी २९ नोव्हेंबर २०१२ रोजी ती नाकारली. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये दोन विरुद्ध एक मताने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. त्यानंतरच्या समझोत्यात तेथे राहणाऱ्या कामगारांसाठी स्थलांतर-साहाय्याची तरतूद झाली. पाण्यातील लाकडी मांडण्या २०१६-१७ मध्ये काढण्यात आल्या. शेजारच्या टोमालेस उपसागरात कालवांची शेती चालूच आहे.

सालाझार यांच्या त्याच आदेशात पॉइंट रेजमधील पशुपालकांना २० वर्षांपर्यंतचे परवाने देण्याच्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले होते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या समझोत्यानुसार त्यांपैकी बहुतेकांनीही तेथून जाण्याचे मान्य केले.