कुंडीतलं फरचं झाड

चंदीगडला सेक्टर ३० मध्ये माझी ताई राहते. भावोजींची नोकरी सरकारी, म्हणून घरही सरकारी. दोन खोल्या, पूर्वेला व्हरांडा आणि त्यापुढे दोन सतरंज्या अंथरता येतील एवढं अंगण. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा हातातली बॅगही खाली ठेवू न देता ती म्हणाली, ‘‘आधी माझा फर बघ.’’

व्हरांड्याच्या पायरीशी एका मोठ्या कुंडीत माझ्या खांद्याला लागेल एवढं झाड उभं होतं. मधोमध सरळ खोड, त्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या चहूबाजूंनी पसरलेल्या फांद्या आणि असे एकावर एक सात-आठ मजले. रंग इतका ताजा हिरवा, की हात फिरवावासा वाटला. नाताळात शेजारची मुलं त्याला चांदण्या बांधून जातात म्हणे.

‘‘झाड सुरेख वाढवलंयस,’’ मी म्हटलं, ‘‘पण ताई, हा फर नव्हे.’’

तिचा चेहरा उतरला. त्याला कारण होतं. खरा फर तिने एकदा आणला होता आणि तो गेला होता. सिमल्याच्या पुढे नारकंड्याला फिरायला गेले असता तिथल्या जंगलातलं हातभर उंचीचं एक रोप तिने मुळाच्या मातीसकट उचलून पिशवीत घालून आणलं. (सरकारी जंगलातून असं रोप आणणं कायद्यात बसत नाही, हे तिला मागाहून कळलं.) थंडीत रोप तरारलं. मार्चमध्ये कोवळे कोंबही आले. मग एप्रिल संपला, लू सुरू झाली आणि जूनपर्यंत त्याची काडी झाली. ‘‘दोन वेळा पाणी घालत होते गं,’’ ती अजूनही हळहळून सांगते.

पाण्याने ते वाचणार नव्हतंच. हिमालयातला फर, ज्याला हिमाचलात तोष म्हणतात, साधारण अडीच-तीन हजार मीटर उंचीवरचं झाड आहे. नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर, तर चंदीगड जेमतेम सव्वातीनशे मीटरवर. फरला हिवाळ्यात बर्फ आणि लांबलचक विश्रांती लागते, उन्हाळ्यात मुळाशी गारवा लागतो. चंदीगडला मे-जूनमध्ये पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो आणि रात्रीही हवा निवत नाही. अशा रात्रींत झाड दिवसा कमावलेलं अन्न नुसतं श्वास घेण्यात खर्चून टाकतं. त्यातून फरच्या मुळांशी एका बुरशीची सोबत असते. ती त्यांना मातीतून अन्नपाणी मिळवून देते आणि रोप उपटताना ती सोबतही तुटते.

मग नर्सरीतून ‘फर’ म्हणून मिळतं ते काय? मैदानी भागात बहुतेक वेळा ते अरोकेरिया असतं. त्याचंच बाजारातलं नाव ख्रिसमस ट्री. हे मूळचं दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटाचं. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला तेव्हा ही उंच सरळ झाडं पाहून त्याला जहाजाच्या डोलकाठ्या आठवल्या. ओळखायला सोपं आहे. फरची पानं चपटी, सुटी आणि खालून पांढुरक्या रेघांची असतात. त्याची फळं फांदीवर मेणबत्तीसारखी उभी असतात. अरोकेरियाच्या कोवळ्या फांद्या मात्र मऊ दोरीसारख्या लागतात आणि मजले अगदी मोजून लावल्यासारखे दिसतात.

मला विचाराल तर यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. चंदीगडच्या रस्त्यांसाठी झाडं निवडणाऱ्या डॉ. एम. एस. रंधावांनी अमलतास, गुलमोहर अशी इथलं ऊन सोसणारी झाडंच पुढे आणली. फर लावला नाही म्हणून शहराची शोभा काही कमी झाली नाही.

ताईचा अरोकेरिया जगला, कारण जागा योग्य मिळाली. पूर्वेचं ऊन दहा-अकरापर्यंत, दुपारनंतर सावली. लहान रोपाला उन्हाळ्यातलं पश्चिमेचं ऊन लागलं, तर शेंडे करपतात. कुंडीत दोन भाग बागेची माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा घाला. सोबत मूठ-दोन मुठी जुनं शेणखत. तळाच्या भोकावर खापरी ठेवायला विसरू नका. निचरा झाला नाही तर मुळं कुजतात आणि आपण ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी ओततो. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. मे-जूनमध्ये संध्याकाळी पानांवरही पाणी शिंपडा, हवा कोरडी झाली की लाल कोळी फार लवकर धरतो. पिठ्या ढेकूण दिसला, तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसून काढा. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी आणि तेही सकाळी. दव गोठण्याइतकी थंडी असेल तर लहान रोप रात्री छपराखाली घ्या. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे झुकतं.

झुकण्यावरून आठवलं. नॉरफोक पाइनच्या नावाने पुष्कळदा त्याचा भाऊबंद कुक पाइन विकला जातो. त्याच्याबद्दल २०१७ मध्ये एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध झाला. जगात कुठेही लावा, हे झाड विषुववृत्ताकडे कलतं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. तेव्हा मोठं झाड कललं म्हणून माळ्याला बोल लावू नका!

पण सगळ्यात जपायचा तो शेंडा. ताईने दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी बाजूच्या फांदीचं कलम करून बघितलं. रुजलं, पण अजूनही ते आडवंच वाढतंय, जमिनीवर पडलेल्या पंख्यासारखं. या झाडाच्या बाजूच्या फांदीला उभं वाढायचं ठाऊकच नसतं. सरळ झाड हवं तर बी किंवा शेंड्याचं कलमच हवं. म्हणून उंची कमी करायला शेंडा छाटू नका, झाडाचं रूप गेलं ते गेलंच. खालची वाळलेली फांदीही पुन्हा फुटत नाही. वयाने एखाद-दुसरी वाळणारच, पण भराभर वाळू लागल्या तर उजेड कमी पडतोय का, मुळं कुंडीत गुंडाळली गेलीत का, ते पाहा. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाशी कुंडी बदलावी.

हे सगळं बोलून झाल्यावर ताईने खरा प्रश्न काढला. भावोजी येत्या मेमध्ये निवृत्त होणार, घर सोडायचं, मुक्काम पुण्याच्या फ्लॅटमध्ये. झाडाचं काय? भावोजींचं म्हणणं, इथेच अंगणात लावून टाकू, आपली आठवण राहील. मी अंगण पाहिलं. भिंतीपासून सहा फुटांवर जागा, डोक्यावर विजेच्या तारा. जमिनीत लावलेला अरोकेरिया साठ-सत्तर फुटांपर्यंत सहज जातो. त्याला भिंतीपासून निदान वीस फूट मोकळं आणि वर उघडं आकाश लागतं. इथे लावलं तर पाच-सहा वर्षांत कुणीतरी तारांसाठी शेंडा उडवणारच. त्या वेळी अडवायला ताई नसेल.

‘‘मग घेऊनच जाते,’’ ती म्हणाली. ‘‘गॅलरी पूर्वेची आहे.’’

पुण्याची हवा या झाडाला मानवते, उन्हाळाही चंदीगडइतका कडक नाही. गॅलरीचं छत मात्र काही वर्षांत शेंड्याला भिडेल. तेव्हा एखाद्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या मोकळ्या आवारात ते लावावं लागेल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने मान हलवली, पण ऐकलं की नाही कोण जाणे.

मेच्या उन्हात ट्रकमधून एवढा प्रवास मात्र नको. म्हणून झाड जुलैपर्यंत शेजारच्या आंटीकडे राहणार आहे. एक-दोन पाऊस झाले की भावोजींचा भाचा ते घेऊन निघेल. खालच्या फांद्या सुती कापडाने हलक्या हाताने वर बांधायच्या, शेंड्याभोवती तीन बांबूंचा तिकोना करायचा, कुंडी पोत्यात घट्ट बसवायची आणि झाड आडवं घालायचं नाही. आंटींसाठी ताईने पाण्याच्या सूचना हिंदीत लिहून व्हरांड्याच्या खांबाला आत्ताच चिकटवल्यात. पहिलीच ओळ आहे, ‘पहले उँगली, फिर पानी.’