शिकलेलं यंत्र

आमच्या सावलीत पोरगं बारावी झालं की अख्खं गाव त्याला सल्ला देतं. पूर्वी सल्ला 'डीएड कर' असा असायचा. हल्ली 'रोबोटिक्स घे' असा असतो. देणाऱ्याला रोबोट ठाऊक नसला तरी त्याचा पगार ठाऊक असतो!

शेजारचा मुलगा असाच पुण्याला इंजिनीअर म्हणून लागला. "काकाजी, मी यंत्राला शिकवतो," म्हणाला.

"काय शिकवतोस?"

"खोक्यात चप्पल आहे की बूट, ते ओळखायला."

"बाबू, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं. तो बूट सोडतो, चपला नेतो!"

माझं भांडण यंत्राशी नाही. आमच्याच जिल्ह्यात, ताडोब्याला लागून असलेल्या सीतारामपेठेत 2023 साली कॅमेरे बसले. ते वाघ ओळखतात आणि गावाला इशारा देतात. याला म्हणतात विद्या! पण हा पहारा गावाच्या कडेला. आमच्या बाया मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जातात, त्या थेट जंगलात. खाली वाकलेल्या बाईला मागचा वाघ दिसत नाही. तिच्या टोपलीत मावेल, झुंजूमुंजू उजेडात वाघ ओळखेल आणि मोबाईलची रेंज नसली तरी बोंब मारेल, असं यंत्र कोण करणार? की साऱ्या हुशार पोरांनी जन्मभर बूटच ओळखायचे?

"त्यात स्कोप नाही, काकाजी," तो म्हणाला.

स्कोप नाही म्हणे! वाघाला विचार.