मुलाचा ताबा : बापाच्या पदरात काय पडतं?

“कोर्ट मूल आईलाच देतं. उगाच वकिलाची धन कशाला करतोस?” घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पुरुषाला हा सल्ला वकिलाच्या आधी मित्रमंडळीच देऊन टाकतात. मग एखादा लढण्यापूर्वीच हात टेकतो, तर एखादा त्वेषाने बायकोच्या चारित्र्यावर चिखल उडवायला निघतो. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, हे बंगळूरच्या दोन खटल्यांवरून ध्यानात येतं.

पहिल्या खटल्याचा अंतिम निकाल 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. घटस्फोटानंतर आईने दुसरं लग्न केलं होतं. बंगळूरच्या कौटुंबिक न्यायालयाने मुलीचा ताबा वडिलांना दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मुलगी आईच्या स्वाधीन केली. सर्वोच्च न्यायालयानेही तिला आईजवळच ठेवलं. वयात येऊ घातलेल्या मुलीला आईचा सहवास हवा, हे त्यामागचं कारण. वडिलांना भेटीचा हक्क मिळाला. बाप हरला खरा. पण त्याच निकालात न्यायमूर्तींनी हेही बजावलं, की आई ही बापापेक्षा नेहमीच सरस, असं सरसकट विधान उच्च न्यायालयाने करायला नको होतं.

दुसरा खटला 2013 सालचा. कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्षाची चक्क वाटणी केली. मुलाने जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे राहावं. ज्याच्याकडे मूल नसेल त्याला शनिवार-रविवारी भेटण्याची, शिवाय फोनवर बोलण्याची मुभा. शिक्षणाचा आणि इतर खर्च दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा. विधी आयोगाने 2015 साली संयुक्त ताब्याची शिफारस केली, तेव्हा आपल्या अहवालात या निकालाचीही दखल घेतली.

कायदा काय सांगतो? 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार 5 वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा. तो अपवादाला जागा ठेवतो. याच कायद्याचं 13 वं कलम मुलाचं हित सर्वांत वर मानतं. 1890 चा पालक व पाल्य कायदा मुलाचं वय, लिंग, धर्म आणि पालकाची योग्यता पाहायला सांगतो. मूल समजतं असेल, तर न्यायाधीश त्याचं मतही विचारात घेऊ शकतात. 2006 साली केरळमधील एका खटल्यात आई स्वतः बालरोगतज्ज्ञ होती. तरीही सुमारे 12 वर्षांच्या मुलीने वडिलांना पसंती दिल्याने सर्वोच्च न्यायालयाने तिला वडिलांकडेच राहू दिलं.

म्हणजे केवळ पगाराचा आकडा मोठा असून भागत नाही. मुलाला शाळेत कोण सोडतं, तापात रात्र कोण जागवतं, पालकसभेला कोण जातं, बाप कामावर असताना घरी कोण असतं, हे प्रश्न निघणारच. पहिल्या दिवसापासून ही कामं करणाऱ्या बापाची बाजू आपोआप बळकट होते. कोर्टाची तारीख लागल्यावर अचानक जागं झालेलं प्रेम न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही.

वडिलांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अर्ज साधारणपणे मूल जिथे राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात करावा लागतो. खटला रेंगाळला तर भेटीसाठी अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो लवकर मागावा; महिनोन्‌महिने बाप दिसलाच नाही, तर मूल दुरावतं. मूल परस्पर उचलून नेणं अंगाशी येतं. ताब्याचा निकाल ही काळ्या दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगितलं आहे. तडजोडीसाठी मध्यस्थी केंद्राची वाटही मोकळी असते, आणि तिथे ठरलेलं वेळापत्रक दोघांनी मिळून आखलेलं असल्याने पाळलं जाण्याची शक्यता अधिक.

नवरा-बायकोचं नातं कागदावर सही करून संपतं. आई-बापाचं संपत नाही. “मूल कोणाचं?” या प्रश्नापेक्षा “मुलाला काय हवं?” या प्रश्नाचं उत्तर घेऊन जो बाप न्यायालयात येतो, त्याचं म्हणणं ऐकलं जाण्याची आशा अधिक असते.