उडी मारली, पण पडायचं कुठे?

बालमित्रांनो, घरात वेचलेला कापूस येऊन पडला की तुमचं पहिलं काम कोणतं? ढिगावर उडी! आजी ओरडते, बाबा रागावतात, तरी अंगाला कापूस चिकटवून तुम्ही शाळेत येताच. आपल्या देवळीकडे दिवाळीच्या सुमारास हे घरोघरी चालतं. आज ज्याची गोष्ट सांगते आहे, तोही उड्या मारायला अशाच साध्या गोष्टींवर शिकला.

त्याचं नाव सर्वेश कुशारे. गाव देवगाव, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. जन्म १९९५ चा, घर शेतकऱ्याचं. क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी त्याला उंच उडी शिकवली.

आता उंच उडीत खरी पंचाईत असते ती पडण्याची. पूर्वी खेळाडू वाळूत नाहीतर लाकडाच्या भुशात पडत. त्यामुळे सांभाळून, पायांवर उतरावं लागे. मग जाड, मऊ गाद्या आल्या. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने आडव्या दांडीकडे पाठ करून उडी घेतली. आधी डोकं, मग पाठ, शेवटी पाय! २.२४ मीटर उडी मारून त्याने सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे सगळेच तशी उडी मारू लागले. पण वाळूवर असं पडलात तर मानच मोडायची. म्हणजे गादी नाही, तर आजची उंच उडीही नाही.

अशी महागडी गादी खेड्यातल्या शाळेत कुठून यायची? देवगावात मग मक्याचं भुसकट, कापूस असं हाती लागेल ते भरून गादी बनवली. सर्वेश तिच्यावर पाठीवर पडायला शिकला.

पुढे तो सैन्यात गेला. २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिक गाठलं, पण तिथे २.२० मीटरवर तिन्ही प्रयत्न हुकले. एवढ्या लांब जाऊन!

त्याच पॅरिसमध्ये डॉमिनिका या चिमुकल्या बेटाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत (लंगडी, पाऊल आणि उडी) १५.०२ मीटरचं अंतर कापून सुवर्ण जिंकलं. तिच्या देशाचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. अख्ख्या बेटाची वस्ती आपल्या वर्धा शहरापेक्षाही कमी! थिया काही वर्षं अमेरिकेत शाळेत शिकवायची, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. जिंकल्यावर तिने काय मागितलं? बेटावर सरावासाठी चांगलं मैदान.

सर्वेशचं पुढे काय झालं? सप्टेंबर २०२५, टोकियो, जागतिक स्पर्धा. उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. अंतिम फेरीत २.२८ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात फूट! वर्गाच्या दाराची चौकट साधारण सात फुटांची असते, तिच्याही वरून. आपल्या आधीच्या सर्वोत्तम उडीहून एक सेंटिमीटर जास्त. क्रमांक सहावा.

पालकांनो, गावच्या शाळेत लांब उडीचा खड्डा असेल, तर त्यातली वाळू शेवटची कधी खणून मोकळी केली, ते एकदा जाऊन बघा. आणि मुलांनो, कापसाच्या ढिगावर पाठमोरी उडी मात्र मुळीच नको. खाली फरशी असते!