निसर्गाच्या नावानं चांगभलं

लग्नाला दोन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की घरात बरण्या यायला लागतात. पहिली शतावरी कल्पाची. मग कुणाच्या तरी नणंदेला गुण आला म्हणून फलघृत. मग शिवलिंगीच्या बिया, कागदाच्या पुडीत, पुडीवर ना नाव ना गाव. दिवस गेले की केशराची डबी आणि गर्भसंस्काराचं ॲप. बाळंतीण झाली की डिंक, हळीव आणि काढा. या सगळ्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि आता इन्स्टाग्रामवरच्या ताईंचाही एकच शेरा असतो: नैसर्गिक आहे, गुण आला तर उत्तम, अपाय तर नाहीच. माझं भांडण या शेऱ्याशी आहे.

समोरच्या पक्षाचं म्हणणं आधी त्याच्याच ताकदीनं मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, खाजगीत 47.4 टक्के. खाजगी रुग्णालयाचा जिना चढला की बाईची कंबर अरुंद होते, असं काही शरीरशास्त्रात लिहिलेलं नाही. वंध्यत्वाच्या दवाखान्यात टेकायच्या आत पॅकेजचा कागद हातात पडला, ही तक्रार तर किती जणींच्या तोंडून ऐकावी! उलट वैद्यबुवा अर्धा तास समोर बसवतात. झोप कशी, भूक कशी, पाळीत दुखतं का, सासरी कसं चाललंय, सगळं विचारतात. कुणी ऐकून घेतलं की निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं. हे सगळं खरं आहे. पण डॉक्टर लुबाडतो एवढ्यावरून पुडीवाला तारतो हे सिद्ध होत नाही. आगीतून फुफाट्यात उडी मारण्याला कुणी निसर्गोपचार म्हणू नये.

निसर्गाला अपाय ठाऊकच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मिश्रीकडे पाहावं. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं आणि सकाळी बोटानं दातांना लावायचं. कारखाना नाही, रसायन नाही, घरच्या चुलीवर घरच्याच बाईनं केलेली वस्तू. याहून नैसर्गिक काय असतं? मुंबईतल्या 1,217 गर्भवतींचा मागोवा घेणारा एक अभ्यास 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मिश्री आणि तसलाच बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली होती, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणाऱ्याही त्यांच्यात जास्त होत्या.

शिसंही निसर्गातलंच. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला 2011-12 मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं. सहापैकी पाच भारतात जन्मलेल्या, आणि साऱ्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेतलेली. त्यांतली काही तर गर्भ सुदृढ व्हावा म्हणूनच. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि घडत्या मेंदूला नडतं. सगळा आयुर्वेद विषारी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण डब्यात काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ‘हर्बल’ ही पाटी म्हणजे तपासणी नव्हे.

पुडीवर नाव का नसतं, याचंही कारण साधं आहे. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा 1954 चा कायदा स्त्रियांच्या वंध्यत्वावर हमखास इलाजाची जाहिरात करू देत नाही. मुलगाच होईल म्हणून जे विकलं जातं, त्याची तर गोष्टच निराळी. गर्भाचं लिंग फलनाच्या क्षणी ठरतं आणि ते ठरतं पुरुषाच्या शुक्राणूवरून. दुसऱ्या महिन्यात गाईच्या दुधातून गिळलेली बी ते फिरवू शकत नाही. बाकीचं बिघडवू मात्र शकते. हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी ‘मुलग्याची औषधं’ घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त आढळली. मुलगा तर नाहीच, वर हे.

पण सर्वांत मोठा अपाय मला बरणीच्या आत दिसत नाही, तो कॅलेंडरवर दिसतो. गर्भनलिका क्षयानं चिकटल्या असतील, आणि आपल्या देशात हे पुष्कळदा घडतं, तर जगातलं कुठलंही घृत त्या उघडत नाही. थायरॉइड मंद असेल तर त्याची गोळी लागते. एकेका बरणीला सहा-सहा महिने देत गेलं की तिशीतली बाई बघता बघता अडतिशीला पोचते, आणि मग जो दवाखाना टाळायचा होता तिथंच जास्त पैसे मोजून कमी आशा विकत घ्यावी लागते. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी, पस्तिशी उलटली असेल तर सहाच महिन्यांनी, हा साधा नियम कल्पाच्या कुठल्याच बरणीवर छापलेला नसतो.

पपई आणि केशर यांचा निकाल थोडक्यात लागतो. कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, तेव्हा ती टाळावी. पिकलेल्या पपईची एक फोड खाल्ली म्हणून सुनेला रडवायचं कारण नाही. केशरानं दूध पिवळं होतं, बाळ गोरं होत नाही, आणि बाळ गोरंच हवं या हट्टावर निराळा इलाज करायला हवा.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, की आमच्या ग्रंथांत सगळं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहेच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिन्यागणिक काळजी सांगितली आहे, पहिल्या महिन्याच्या साध्या दुधापासून पुढं. त्याच अध्यायात पुत्रप्राप्तीचं पुंसवनही आहे. ग्रंथात आहे म्हणून दूध घ्यायचं, तर पुंसवनही घ्यावं लागेल. पुंसवन सोडायचं, तर पारखून घेण्याचा अधिकार आपण वापरला हे कबूल करावं लागेल. मग तोच अधिकार शतावरीलाही लावू द्या. गंमत अशी, की या ग्रंथांतलं जे आजही टिकावं, ते बरणीवाले सांगतच नाहीत. सुश्रुतानं गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असं म्हटलं: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य काळ, गर्भाशय, पोषण, आणि दोघांचं बीज. दोघांचं! चरकानं गर्भिणीला तेलानं काठोकाठ भरलेल्या भांड्याची उपमा दिली, की तिला हिंदकळू न देता सांभाळावं. आता भांडं काही स्वतःला सांभाळत नाही. ही सूचना भांडं नेणाऱ्यांना, म्हणजे घरातल्यांना आहे. आपण ती उलटी करून भांड्यालाच बजावलं: हे खा, ते ऐक, असं बस, तसा विचार करू नकोस.

गर्भसंस्काराच्या बाजारात हे उलटं गणित पुरतं दिसतं. अभिमन्यूचा दाखला घरोघरी दिला जातो. बाळाला पोटात ऐकू येतं हे खरंच आहे. साधारण सहाव्या महिन्यापासून येतं, आणि आईनं पोटुशी असताना पुन्हा पुन्हा वाचलेली गोष्ट नवजात बाळ ओळखतं असं अमेरिकेतल्या एका प्रयोगात 1986 सालीच दिसलं. आईचा आवाज ओळखीचा होतो, एवढाच त्याचा अर्थ. तल्लख बुद्धी, उंची, देशभक्ती वगैरे पोटातच भरता येतात ही पुढची मजल विक्रेत्यांची. आणि अभिमन्यूच्या कथेत सुभद्रेला झोप लागली म्हणून मुलगा चक्रव्यूहात मेला, हा ठपका किती सहज बाईवर येऊन पडतो बघा. याच देशात पाचव्या पाहणीनुसार 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयानं पिडलेल्या आहेत. रक्त नसलेल्या बाईच्या कानाला हेडफोन लावून संस्कार होतात, असं मानायला फार मोठी श्रद्धा लागते.

मग निसर्गाच्या बाजूनं बोलण्यासारखं काही आहे का? भरपूर आहे, आणि त्यातला सर्वांत चांगला पुरावा आपल्या मुंबईचा आहे.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती बायका पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, आणि हा रक्तक्षय कशानं होतो हे कुणाला कळत नव्हतं. जंतू असावेत असा संशय होता. विल्सनं जंतूंचा माग काढला, हाती काही लागलं नाही; मग ती या बायकांच्या ताटाकडे वळली. खात्यापित्या घरच्या बायकांना हा आजार फारसा होत नव्हता. तिनं उंदरांना या बायकांसारखाच आहार दिला, तर उंदरांचंही रक्त खालावलं. आणि इंग्लंडात पावाला फासतात तो मार्माइट, यीस्टचा स्वस्तातला अर्क, त्या बायकांना चारला तेव्हा त्यांचं रक्त भरून आलं. 1931 साली तिनं हे छापलं. अर्कातला तो अनोळखी घटक कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 साली अमेरिकेत चार टन पालक आटवून त्यातून तो चिमूटभर मिळवला गेला: फोलिक ॲसिड. त्याच दशकात येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या माणसाच्या हाताखालच्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं. 1991 मध्ये सात देशांत झालेल्या चाचणीत दिसलं, की आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग होतं अशा बायकांनी दिवस राहण्यापूर्वीपासून ते घेतलं तर तसंच व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटतं.

आता ही गोळी कुणाच्या खात्यात टाकायची? केमिस्टकडे मिळते म्हणून ती अनैसर्गिक, आणि पुडीतली बी नैसर्गिक? गिरणगावातल्या बायकांच्या ताटात जे नव्हतं, तेच या गोळीत आहे. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन बाई तपासणीला जाईपर्यंत काम बहुधा उरकलेलं असतं. म्हणून गोळी आधीपासून हवी. पालक हवाच, पण एवढ्या थोड्या वेळात नुसत्या पालकावर भिस्त ठेवून चालत नाही.

पुण्याजवळच्या खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या मातांची बाळं अंगानं भरलेली दिसली. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदारांच्या ‘सरस’ प्रकल्पानं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: लग्न झालेल्या बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ दिला. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांदा. सगळ्या बायकांचा मिळून हिशेब मांडला तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक निघाला नाही, हे लपवायचं कारण नाही. पण गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्लेल्यांची बाळं 48 ग्रॅमनं जड होती, आणि हिरवा खाऊ खाणाऱ्या गटात गरोदरपणातला मधुमेह पुष्कळ कमी आढळला. मेथी, शेपू, राजगिरा, माठ. बाजारात जुडी मिळते, फक्त ती निवडायला अर्धा तास लागतो आणि ताटात पडेपर्यंत पातेल्याच्या तळाशी काही उरावं लागतं. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा आणि मिरची येते. तिला आधी वाढा, हा उपाय कुणी बरणीत भरून विकणार नाही, कारण त्यात नफा नाही आणि सासरच्यांना उठावं लागतं.

पुरुषाचं तर बोलायलाच नको. वंध्यत्वाच्या कितीतरी फायली अशा असतात, की वर बाईचं नाव, आत तीन सोनोग्राफ्या, थायरॉइड, नलिकांचा एक्स-रे, आणि नवऱ्याचा एक कागद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात साधारण सहांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण पूर्णतः किंवा अंशतः असतं. वीर्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत बिनदुखाची, आणि तीच शेवटी होते. शुक्राणू घडायला साधारण अडीच महिने लागतात. तेव्हा खर्रा, मावा, सिगारेट आज सोडली तर फळ तिमाहीनं दिसेल. यापेक्षा नैसर्गिक उपचार मला माहीत नाही. त्याची जाहिरात करणारी ताई मात्र अजून दिसलेली नाही.

बाळंतपणाचंही तसंच. 2018 साली तमिळनाडूत तिरुप्पूरला यूट्यूब बघून घरीच ‘नैसर्गिक’ बाळंतपण करू पाहणारी एक बाई रक्तस्रावानं गेली. आणि दुसरीकडे, कळा देणाऱ्या बाईजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं कुणी माणूस असलं तर सिझेरियन कमी होतात, हे अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र मांडून दिसलं आहे. पहिलटकरणीला माहेरी धाडणाऱ्यांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊक होतं. रक्तपेढी जवळ असलेल्या दवाखान्यात आईला किंवा मावशीला आत बसू द्या, एवढीच मागणी आहे, आणि ती मागताना दवाखान्यांशी भांडायला मी निसर्गवाद्यांच्या खांद्याला खांदा लावीन.

राहता राहिला आजीचा लाडू. खुशाल खावा. डिंक, खोबरं, खारीक, तूप यांत बाळंतिणीला लागणारी ताकद आहे, आणि हळिवात लोह आहे. फक्त सरकारी केंद्रातून मिळालेली लाल गोळी, जी गरम पडते म्हणून मीठ-मसाल्याच्या फळीवर धूळ खात बसते, ती रोज घ्यावी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि चहा तासाभरानं प्यावा, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. आणि ती आणून द्यायचं काम नवऱ्यानं करावं.