दुसरे कोणी आढळले नाही

माननीय कंत्राट अधिकारी महोदया,


इंग्रजीत तुम्हाला तीन पत्रे लिहिली. तिन्हींत ‘सहकार्याबद्दल आभारी आहे’ असेच लिहिले, कारण सरकारी खात्याशी वाकडे घेणे छोट्या कंपनीला परवडत नाही. हे चौथे मराठीत, उघड. मनातले या भाषेतच उतरते.

तुमच्या खात्याच्या संगणकजाळ्यावर चोवीस तास पहारा ठेवायचे कंत्राट संपत आले, तेव्हा इच्छुक कंपन्यांनी माहिती कळवावी अशी सूचना तुम्ही काढलीत. व्हर्जिनियातल्या आमच्या अकरा जणांच्या कंपनीने महिनाभर खपून उत्तर धाडले. सिक्युरिटी क्लिअरन्स असलेली पाच माणसे शोधली, त्यांची होकारपत्रे घेतली. मग निविदा निघालीच नाही. जुन्याच कंपनीला सहा महिन्यांचे ‘ब्रिज’, म्हणजे नवे कंत्राट होईपर्यंतचे तात्पुरते, कंत्राट मिळाले. मग आणखी सहा महिने. मग वर्ष. आमच्या गावच्या शाळेवर ‘तात्पुरता’ म्हणून घातलेला पत्रा मी दहावी होऊन निघालो तरी तिथेच होता, तो आठवला.

मुदतवाढ मुळीच नको असे मी म्हणत नाही. पहारा एक रात्रही उठवता येत नाही, हे या धंद्यात राहून कळते. 2025 च्या एप्रिलमध्ये सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींना क्रमांक देणाऱ्या सीव्हीई यादीचे कंत्राट संपायला एक दिवस उरला, तेव्हा जगभरच्या आमच्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. ती यादी चालवणाऱ्या मायटर संस्थेला अकरा महिन्यांची वाढ मिळाली आणि सगळ्यांनी निःश्वास टाकला, मीही. पण कंत्राटाची शेवटची तारीख पहिल्या दिवशीच कागदावर असते. ती अचानक कशी उगवते?

माझे दुखणे त्याहून वेगळे आहे. निविदेविना जुन्याच कंपनीला काम का दिले, याचे तुमचे समर्थनपत्र वाचले. ‘बाजारपाहणी केली, हे काम करू शकेल असे दुसरे कोणी आढळले नाही.’ आमच्या उत्तराची तुमच्याच कार्यालयाने दिलेली पोच माझ्यापाशी आहे. निविदेत हरलो असतो, तर दोन दिवस हळहळून कामाला लागलो असतो. हरवायला निदान समोरचा आहे हे मान्य करावे लागते. तुम्ही तेवढेही केले नाहीत.

असे का लिहावे लागले तेही ठाऊक आहे. तुमच्या 1984 च्या स्पर्धाविषयक कायद्याप्रमाणे, वेळेवर नियोजन केले नाही ही स्पर्धा टाळण्याची सबब होऊ शकत नाही. खरे कारण तेच, पण ते कागदावर चालत नाही. म्हणून कागदावरून मी गेलो. नव्याला जाळ्याची माहिती नाही म्हणून काम जुन्याला. आणि काम जुन्याला म्हणून नव्याला माहिती होण्याची सोय नाही. हा फेरा असाच लांबत जातो: 2015 मध्ये सरकारच्याच जीएओ या तपासनीस संस्थेने दाखवले होते, की लष्कराच्या संगणकसेवेचे 12 महिन्यांसाठी ठरलेले एक ब्रिज कंत्राट पुलाला पूल जोडत 42 महिन्यांवर गेले. नदीपेक्षा पूलच लांब!

वाट पाहून आमच्या पाचांपैकी चौघे पांगले. त्यातल्या एकीला त्याच जुन्या कंपनीने त्याच कामावर घेतले. म्हणजे माणूस आढळले. आमच्याकडे असताना तेवढे दिसत नव्हते.

पुढची मुदत मार्चअखेर संपते. वाढ द्यायचीच असेल तर द्या. फक्त त्या ओळीच्या जागी लिहा: दुसरी एक कंपनी आढळली होती, तिला विचारायला आम्हाला वेळ झाला नाही.

आपला,
पोच जपून ठेवलेला एक कंत्राटदार