पत्ता आधीच ठाऊक हवा

मध्यमवर्गीय घरात मधुमेह, रक्तदाब यांची चर्चा पाहुण्यांसमोरही मोकळेपणाने होते. एका आजाराचा मात्र अपवाद असतो. घरातील कर्ता पुरुष रोज पितो, हे त्या घरात सर्वांत शेवटी उच्चारले जाते. (पिणारी स्त्री असेल तर ते उच्चारलेच जात नाही.) शेजाऱ्यांना ठाऊक असते, कार्यालयात ठाऊक असते, घरात 'त्यांना बरे नाही' एवढ्यावर विषय मिटतो. अखेर एके दिवशी धीर सुटतो आणि ती गृहिणी कोणा परिचिताला दबक्या आवाजात विचारते, "अशा लोकांची कुठेशी बैठक भरते म्हणे. आपल्याला ठाऊक आहे का?"

हा परिचित पुष्कळदा कार्यकर्ता असतो. अडचणीत विचारावे, असा विश्वास त्याने मिळविलेला असतो. रक्तपेढी, रुग्णवाहिका, वसतिगृहाचा प्रवेश यांची माहिती त्याच्या जिभेवर असते. नेमकी ही नसते. दीप अमावास्येची 'गटारी' होऊ नये म्हणून तो पत्रके वाटतो, ते योग्यच आहे. पण पत्रक हे अजून न प्यायलेल्यासाठी असते. ज्याचे हात सकाळी उठताच थरथरतात, त्याला उपदेश नवा नसतो. देवापुढे घेतलेल्या आणि मोडलेल्या शपथांची संख्या त्याला स्वतःलाच पाठ असते.

अशा माणसाला बसायला जागा देणारी 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ १९३५ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अक्रन येथे सुरू झाली. एक शेअर बाजारातील व्यावसायिक आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त, एकमेकांना भेटले आणि परस्परांशी बोलत राहिल्याने दारू दूर ठेवता येते, हे त्यांना उमगले. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. मुंबई-पुण्यासह अनेक गावांत तिच्या बैठका मराठीतून चालतात. शुल्क नाही, बाहेरच्यांची देणगी घेतली जात नाही, पिणे थांबविण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव विचारले जात नाही. आडनाव न विचारता माणसाला शेजारी बसवून घेणे, हे शाखेत वाढलेल्यांना तरी अपरिचित नसावे.

तरीही काही ज्येष्ठांच्या मनात शंका असते: हे सारे परदेशी, ख्रिस्ती वळणाचे आणि बैठका अनेकदा चर्चच्या खोलीत. शंका निराधार नाही. चळवळीचे मूळ 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती उपक्रमात आहेच. परंतु तिच्या संस्थापकांनी बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख करताना 'ज्याला जसा उमगला तसा' अशी मुभा ठेवली. इष्टदेवतेची कल्पना ज्या समाजाने जोपासली, त्याने या मुभेला बिचकण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ साली याच चळवळीच्या एका संस्थापकाला लिहिलेल्या पत्रात, मद्याची तहान ही मुळात पूर्णत्वाच्या आध्यात्मिक तहानेचे खालच्या पातळीवरील रूप आहे, असे म्हटले होते. राहिला प्रश्न खोलीचा. चर्चने खोली दिली म्हणून बैठक तेथे भरते. देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांपैकी किती जणांनी आठवड्यातून एका संध्याकाळी एक वर्ग उघडून दिला आहे?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले. अनिल अवचट वैचारिकदृष्ट्या दुसऱ्या गोटातले. पण त्या दारातून सावरून परतलेल्यांच्या घरी हा भेद कोणी मोजत नाही. उपचारानंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठीचा गट, ही तेथील व्यवस्था मुद्दाम जाऊन पाहण्याजोगी आहे. नवरा बैठकीला यायला तयार नसला तरी पत्नी थांबून राहण्याचे कारण नाही. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून 'अल-अ‍ॅनॉन' हे स्वतंत्र गट आहेत.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतते. त्याला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. बैठक उपचाराची जागा घेत नाही.

बैठकांचे पत्ते बदलतात, वार बदलतात, शाळेला सुट्टी लागली की खोली बंद असते. महिनोन्‌महिने मन वळवून निघालेला माणूस कुलूप पाहून परतला, तर पुन्हा निघेलच असे नाही. म्हणून कार्यकर्त्याने आपल्या नगरातील बैठकीच्या जागी आधी स्वतः जाऊन यावे. 'खुल्या' बैठकीला कोणीही बसू शकतो; 'बंद' बैठक केवळ मद्यासक्तांची असते. तेथे दारापर्यंत सोबत जावे आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर थांबावे. तास-दीड तासाने तो बाहेर येईल तेव्हा आत काय झाले हे विचारू नये. चहा सांगावा आणि पुढची बैठक कोणत्या वारी आहे, एवढेच विचारावे.